सोयाबीन वडीचा तांबडा रस्सा दर वेळी का फसतो?

श्रावण लागला की कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत महिनाभर मटणाचं पातेलं चढत नाही. एरवीही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं पुष्कळ. पण जिभेला लागलेली रश्श्याची चव वार बघून थांबत नाही. मग वाटण तेच, कांदा-लसूण चटणी (म्हणजे आपला तिखट मसाला) तीच, भाकरीही तीच आणि मटणाच्या जागी सोयाबीनची वडी. ताटं वाढली की तक्रारीही ठरलेल्या: "वास येतोय", "चावताना रबरासारखी लागते", "वरनं तिखट, आतनं फिकी", "रश्श्याला दम नाही". पुढच्या वेळी चटणी वाढवली जाते, गरम मसाला वाढवला जातो, तरी तक्रार तीच राहते.

मसाला वाढवून हे सुटणार नाही, कारण घोळ मसाल्यात नसतो. तो क्रमात असतो. आपण वडी मटणाच्या क्रमानं शिजवतो. मटणाचं तंत्र असं की आधी मीठ, हळद, आलं-लसूण लावून ते थोड्या पाण्यात शिजवायचं. त्या पाण्यात हाडातला चिकटपणा उतरतो, चरबी उतरते, मांसाची चव उतरते. या पाण्यालाच अळणी म्हणतात आणि ती म्हणजे पुढच्या तांबड्या आणि पांढऱ्या दोन्ही रश्श्यांचा जीव. मटण शिजताना रश्श्याला देत असतं. वडी मात्र रश्श्यातून घेते. तिच्याकडे देण्यासारखं जवळपास काहीच नाही, आणि जे आहे ते आपल्याला नको असतं.

वडी तयार कशी होते हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. सोयाबीनमधलं तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पेंडीचं पीठ करतात, त्यात पाणी मिसळून ते उष्णतेत आणि दाबाखाली यंत्रातून दाबून काढतात. तोंडातून बाहेर पडताना आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, पीठ फुलतं आणि आत जाळी पडते. म्हणूनच कोरड्या 100 ग्रॅम वडीत प्रथिनं 50 ग्रॅमच्या आसपास भरतात आणि चरबी मात्र ग्रॅमभरसुद्धा नसते. मटणाच्या रश्श्यावर तरंगणाऱ्या लालभडक तवंगात मटणाची चरबीही असते. वडीच्या रश्श्यात तो तुम्हाला तेलातूनच आणावा लागतो. आपल्या शिरोळ, हातकणंगले, कागल भागात उसाच्या जोडीनं सोयाबीन पिकतं, पण शेतातलं दाणेदार सोयाबीन आणि ही वडी यांच्या शिजण्यात काहीही साम्य नाही, हे ध्यानात ठेवा.

आता एकेक तक्रार घेऊ.

वास

उग्र, कच्च्या शेंगेसारखा, हिरवट वास. सोयाबीनचा दाणा फुटला आणि त्याला ओल लागली की त्यातला एक विकर दाण्यातल्या स्निग्ध पदार्थांवर काम करतो आणि हा वास तयार होतो. तेल काढून घेतलं तरी त्या वासाचे अंश प्रथिनांना चिकटून राहतात. गरम पाण्यात ते सुटतात. म्हणजे उपाय पाण्यात आहे, मसाल्यात नाही. आणि याच कारणासाठी वडीची अळणी करून ती रश्श्यात वापरायची नसते. "पाण्यात सत्त्व जातं" म्हणून ते पाणी रश्श्याला घालणारे बरेच आहेत. जे फेकायचं तेच ते पातेल्यात परत आणत असतात. शिवाय सोयाबीनमध्ये पोटात वायू करणाऱ्या काही साखरा असतात, त्याही याच पाण्यात उतरतात. जेवल्यावर पोट फुगल्याची तक्रार असेल तर हे पाणी फेकणं अधिकच गरजेचं.

चार माणसांना 100 ग्रॅम वडी पुरते. दीड लिटर पाणी खळखळ उकळवा, त्यात चमचाभर मीठ आणि चिमूटभर हळद घाला, मग वडी टाका. पाणी कमी घेऊ नका. वडी नुसती बुडेल एवढ्याच पाण्यात उकळली तर सुटलेला वास तिच्यातच परत मुरतो. पाच-सात मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून झाकण ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. मग चाळणीत ओता, दोनदा गार पाणी घालून चोळून धुवा आणि पिळा. नाकाला अजून शंका वाटत असेल तर दुसऱ्यांदा दोन मिनिटं ताज्या पाण्यात उकळा. मी तरी मोठ्या वडीला दोन पाण्यांतून काढायच्या बाजूची आहे, कारण पांढऱ्या रश्श्यासारख्या सौम्य चवीच्या शेजारी थोडासा वासही लगेच कळतो.

एवढं करूनही वास राहिला तर वडी जुनी आहे. उघडलेलं पाकीट महिनोनमहिने डब्यात पडून असेल तर उरल्यासुरल्या तेलाला खवटपणा येतो आणि तो कशानंच जात नाही. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात सुटी वडी घेत असाल तर मूठभर हातात घेऊन वास घ्या. कोरडी वडी जवळपास निर्वास असायला हवी. खवट, तेलकट वास आला तर तिथंच परत ठेवा. घरी आणली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि श्रावणात आणलेली श्रावणातच संपवा.

रबरासारखी किंवा लगदा

ही दोन टोकं आहेत. रबरासारखी लागणारी वडी बहुतेक वेळा आतून कोरडी राहिलेली असते. कोमट पाण्यात भिजवून थेट फोडणीत टाकली की वरचा थर मऊ होतो आणि मधला गाभा चिवट राहतो. भिजल्यावर सगळ्यांत मोठी वडी सुरीनं मधोमध कापून बघा. आत फिकट, कोरडा ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. ही तपासणी फार सोपी आहे आणि फारच थोडे लोक ती करतात.

लगदा होतो तो कुकरमुळे. मटणाला चार शिट्ट्या लागतात म्हणून वडीलाही देतात. वडी यंत्रातून शिजूनच आलेली असते. तिला शिजवायचं नसतं, फक्त फुलवायचं असतं. कुकर लागत नाही.

आणखी एक गोष्ट आंबटाची. दही, टोमॅटो, आमसूल यांच्या आंबटपणात सोयाबीनची प्रथिनं पाणी कमी धरतात, आवळून बसतात. म्हणून कोरडी वडी थेट दह्यात भिजवायची नाही. आधी साध्या पाण्यात पूर्ण फुलवा, मग काय आंबट लावायचं ते लावा. तांबड्या रश्श्यातही टोमॅटो एक पुरे.

आतून फिकी

मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते इथं. फुललेल्या वडीच्या जाळीत साधं पाणी भरलेलं असतं. ते पाणी आत असताना तुम्ही ती कितीही झणझणीत रश्श्यात सोडा, रस्सा आत जाणार कुठे? आधी जागा रिकामी करायला हवी. म्हणून पिळणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. मूठभर वडी एकदम पिळू नका, तीन-चारच घ्या, दोन तळव्यांमध्ये सपाट दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वडी तुटणार नाही इतपत जोर, पण शेवटचं पाणी थेंबथेंब येईपर्यंत. वेळ लागतो. लागू द्या. घरात दुसरं कुणी रिकामं असेल तर त्याला हे काम द्या, पण काम पुरं करून घ्या.

पिळलेल्या वडीला लगेच मसाला चोळा. आलं, लसूण, कोथिंबीर आणि एक हिरवी मिरची यांचं वाटण दोन चमचे, कांदा-लसूण चटणी एक चमचा, हळद आणि एक चमचा तेल. तेल विसरू नका, कारण वडीत स्वतःचं तेल नाही आणि मिरचीचा रंग व तिखटपणा तेलातच विरघळतो. मीठ इथं चिमूटभरच. उन्हाळ्यात डंकावरून कांडून आणलेल्या चटणीत मीठ आधीच असतं, वडीही मिठाच्या पाण्यातून आलेली असते, आणि पुढं रश्श्यात पुन्हा चटणी पडणार असते. खारट झालेला रस्सा दुरुस्त करायला फार त्रास होतो. वडी अर्धा तास तशीच मुरत ठेवा.

मग परता. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मध्यम आचेवर वडी पसरा, सारखी हलवू नका, कडा खरपूस तपकिरी होऊ द्या. सुक्क्या मटणाला जो भाजका वास असतो, तो प्रथिनं आणि साखर यांच्यावर कोरडी उष्णता पडली की येतो. वडीत प्रथिनं भरपूर आहेत, पण ओली असेल तर ती भाजली जाण्याऐवजी वाफेवर शिजते आणि तो वास येतच नाही. पिळण्याचा दुसरा फायदा तो हा. लसणाचं वाटण करपायला लागलं तर आच कमी करा, पण वडी फिकट असताना काढू नका. इथपर्यंत आलात की खरं तर सुकं तयार झालंच आहे. परतलेल्या वडीवर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि थोडी चटणी घालून पाच मिनिटं झाकली की भाकरीबरोबर तेवढंसुद्धा पोटभर होतं.

रश्श्याला दम नाही

अळणी नाही म्हणजे दम नाही, हे साधं गणित. साध्या पाण्यात चटणी उकळून तांबडा रस्सा होत नाही, तिखट पाणी होतं. त्या पाण्याच्या जागी दुसरं काहीतरी हवं, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे: येळवणी. पुरणाची डाळ शिजवून निथळून काढलेलं ते दाटसर पाणी. हरभरा डाळीतला पिठूळपणा आणि प्रथिनं त्यात उतरलेली असतात, त्यामुळे रस्सा जिभेवर रेंगाळतो. पोळ्यांचा बेत नसेल तर मुद्दाम अर्धी वाटी हरभरा डाळ सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवून पाणी काढून घ्या. डाळीची वाटली डाळ होते, वाया जात नाही.

या येळवणीत अर्धा कांदा जाळावर थेट काळसर भाजून, कोथिंबिरीच्या काड्या, आल्याचा ठेचलेला तुकडा, चार मिरे आणि एक तमालपत्र घालून पंधरा मिनिटं मंद उकळवा आणि गाळून घ्या. मिळाली तर चार-पाच मशरूम बारीक चिरून, तेलाशिवाय तव्यावर पाणी आटेपर्यंत भाजून यातच टाका. मांसाच्या रसाला जी भरीव चव असते तिच्या जवळची चव मशरूममध्ये असते. श्रावणात मशरूम न खाणारी घरंही आहेत. त्यांनी टोमॅटो भाजून घातला तरी चालतं.

वाटणाला दोन मध्यम कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, चमचाभर तीळ, अर्धा चमचा खसखस, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं. खोबरं आणि कांदा चांगला लालसर भाजा. खसखस आणि तीळ इथं हाडातल्या चिकटपणाची थोडीफार भरपाई करतात, म्हणून ते गाळू नका. वाटण गंधासारखं बारीक हवं. खरबरीत राहिलं तर रस्सा खाली बसतो, वर पाणी आणि तळाशी गाळ.

आता तेल. 100 ग्रॅम वडीच्या रश्श्याला चार मोठे चमचे, वडी परतायला घेतलेलं वेगळं. जास्त वाटेल, पण मटणात ते चरबीच्या रूपानं येतच होतं. तेलात वाटण घालून कडेनं तेल सुटेपर्यंत परता. आठ-दहा मिनिटं लागतात आणि घाई केली तर कच्च्या कांद्याचा वास शेवटपर्यंत राहतो. मग कढई आचेवरून खाली घ्या आणि तेव्हाच दोन-तीन चमचे कांदा-लसूण चटणी घाला. चटणीत भाजलेलं खोबरं आणि तीळ असतात, आचेवर ती क्षणात करपते आणि रस्सा कडवट, काळपट होतो. चटणी तेलात फिरवली की लगेच पळीभर गरम येळवणी ओता, कढई परत आचेवर ठेवा, मग उरलेली येळवणी घाला. पाणी नेहमी गरमच. रंगासाठी अर्धा चमचा ब्याडगी मिरचीची पूड चटणीबरोबरच घाला. ब्याडगी रंग देते, तिखटपणा फारसा वाढवत नाही. संकेश्वरी किंवा लवंगी मिरची जास्त असलेल्या चटणीला हा आधार लागतोच.

रस्सा दहा मिनिटं उकळून तवंग वर आला, चव घेऊन तुमची खात्री झाली, की मग वडी सोडायची. आधी नाही. तुम्ही वडीला जो रस्सा द्याल तोच ती पिणार, म्हणून रस्सा पूर्ण झालेला हवा, आणि आपल्याला हवा त्यापेक्षा थोडा पातळ. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, मग गॅस बंद करून झाकण ठेवून निदान पंधरा मिनिटं. या शेवटच्या पंधरा मिनिटांत वडी रस्सा ओढून घेते. उकळतं पातेलं थेट पंगतीत नेलं तर ती पुन्हा आतून फिकी लागेल आणि सगळं वर केलेलं काम वाया जाईल.

पांढरा रस्सा

इथं माझं मत ठाम आहे: पांढऱ्या रश्श्यात वडी घालू नका. रंग मळतो, आणि नारळाच्या दुधात सोयाबीनचा उरलासुरला वास उघडा पडतो. पांढरा रस्सा वाटीतून प्यायचा असतो, तो तसाच द्या, वडी तांबड्यात आणि सुक्यात राहू दे.

येळवणीही यात चालत नाही, पिवळट दिसते. त्याऐवजी भाताची पातळ पेज घ्या आणि तिच्यात ठेचलेलं आलं-लसूण, दालचिनी, दोन वेलदोडे, लवंगा, मिरे आणि उभी चिरलेली हिरवी मिरची उकळून गाळा. दहा-बारा काजू, चमचाभर पांढरे तीळ, चमचाभर खसखस भिजवून, न भाजता, अगदी मऊ वाटा. तूप-तेलात ही पेस्ट मंद आचेवर परता, तांबूस होऊ देऊ नका, पेज घाला, उकळा. नारळाचं पातळ दूध त्यानंतर आणि दाट दूध सगळ्यांत शेवटी, आच अगदी कमी करून, एकाच दिशेनं हलवत. रस्सा फुटण्याची तक्रार येते ती जवळजवळ नेहमी दाट दूध घातल्यावर खळखळून उकळल्यामुळे. कडेला बुडबुडे दिसले की बंद. पेजेतला पिठूळपणा दूध फुटण्यापासून थोडं वाचवतो, पण जोराच्या उकळीपुढं त्याचंही चालत नाही. लिंबू पातेल्यात पिळू नका, ताटात द्या. फुटलाच तर थोडा गार होऊ द्या, मिक्सरमधून फिरवा आणि चमचाभर काजूची पेस्ट घालून पुन्हा नुसता कोमट करा.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत हा सगळा बेत वेगळा बसवावा लागतो. तिथं कांदा-लसूण चटणी बाजूला ठेवा, ब्याडगीची पूड, धणे-जिऱ्याची पूड आणि तेलात फुलवलेला चांगला हिंग घ्या, खोबरं आणि तीळ दीडपट करा. चव वेगळी होईल, पण वडी भिजवणं, पिळणं, परतणं यात काहीही बदलत नाही.

बारीक वडीचा खिमा करत असाल तर वेळा कमी करा. उकळत्या पाण्यात दोनच मिनिटं, मग बारीक चाळणीत किंवा सुती फडक्यात घालून पिळा. गोळे होतात ते पाणी राहिल्यामुळेच. खिमा तेलात सुटा होईपर्यंत परतल्याशिवाय त्यात वाटण घालू नका. मटार घालायचे तर शेवटी.

कोवळ्या फणसाचं काही जण विचारतात. आजरा, भुदरगड, गगनबावड्याकडून तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतो. त्याचे रेशे मटणासारखे सुटतात आणि वास अजिबात आड येत नाही, म्हणून चवीला मला तो वडीपेक्षा उजवा वाटतो. फक्त त्यात प्रथिनं फार कमी असतात, तेव्हा मटणाऐवजी अंगाला काही लागावं अशी अपेक्षा असेल तर वडीच घ्या. कापताना हाताला आणि सुरीला तेल लावा, नाहीतर चीक निघता निघत नाही. फोडी मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून, निथळून, वडीसारख्याच तेलात परतून तांबड्या रश्श्यात सोडा.

राहिली ती दुसऱ्या दिवशीची तक्रार: रात्री पातेलंभर रस्सा होता आणि सकाळी नुसती फुगलेली वडी उरली. ती रात्रभर रस्सा पीत राहते. जेवण उरणार असं वाटलं तर वडी झाऱ्यानं काढून वेगळ्या डब्यात ठेवा आणि दोन्ही डबे फ्रीजमध्ये जाऊ द्यात. हे जमलं नसेल तर सकाळी वाटी-दीड वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर उकळी आणा, तेलात अर्धा चमचा चटणी परतून वरून ओता आणि मिठाची चव उकळी आल्यावरच बघा. गार असताना घातलेलं मीठ नंतर जास्त होतं.